कॉम्प्युटरवर क्रिप्टो ट्रेडिंगचं ॲप: डाउनलोडपासून पैसे परत काढेपर्यंत

मोबाइलवर ॲप टाकणं सोपं असतं, प्ले स्टोअर उघडलं, नाव टाकलं, इन्स्टॉल दाबलं, झालं. कॉम्प्युटरवर तसं नाही. तिथं वेबसाइट तुम्ही शोधायची, फाइल तुम्ही उतरवायची, डबल क्लिक तुम्ही मारायचा, मध्ये कुणी राखणदार नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या ज्या मशीनवरून लोकांचे क्रिप्टोचे पैसे गेलेत ना, त्यात एकही माणूस चुकीचा ट्रेड करून बुडालेला नव्हता, सगळे ह्या उतरवायच्या पायरीवरच अडकले होते. म्हणून हा लेख ट्रेडिंगपेक्षा इन्स्टॉलवर जास्त बोलणार आहे, घाई असली तरी तो भाग सोडून पुढे जाऊ नका.

माझं निफाडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात एक रिटायर्ड काका लॅपटॉप घेऊन आले, म्हणाले बाळा लई स्लो झालाय, फॉरमॅट मारून दे. मी बघितलं तर डेस्कटॉपवर एका ट्रेडिंग ॲपचा आयकॉन, नाव एका ओळखीच्या एक्स्चेंजसारखंच (एक्स्चेंज म्हणजे जिथं क्रिप्टो घेता-विकता येतं ती कंपनी) पण एक अक्षर इकडचं तिकडे. विचारलं कुठून टाकलं, तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये एका मॅडमनी झिप फाइल पाठवली होती आणि एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायचं ॲप, लावून स्वतः बसवून पण दिली होती. ॲप एकदम झकास चालत होतं, चार्ट हलत होता, काकांच्या नावावर नऊ लाखाचा नफा दिसत होता, पण काढायला गेलं की म्हणे आधी वीस टक्के टॅक्स भरा. काकांनी तोवर एक लाख ऐंशी हजार भरले होते. काकूंना अजून सांगितलं नव्हतं. ते पैसे परत आले नाहीत, आणि मला आजही वाटतं की ती फाइल चालवायच्या आधी फक्त पाच मिनिटं कुणीतरी त्यांच्या शेजारी बसायला हवं होतं. तेच पाच मिनिटांचं बसणं मी इथं लिहून काढतोय.

तर आधी हे ॲप म्हणजे नक्की काय ते बघू. समजा तुम्ही बायनान्स ह्या परदेशी एक्स्चेंजचं डेस्कटॉप ॲप टाकलं, तर त्या ॲपमध्ये तुमचे कॉइन नसतात. ती नुसती खिडकी आहे. कॉइन असतात कंपनीच्या वॉलेटमध्ये म्हणजे डिजिटल तिजोरीत आणि तुमच्या नावापुढे कंपनीच्या वहीत आकडा लिहिलेला असतो. म्हणून लॅपटॉप फुटला, चोरीला गेला तरी दुसऱ्या मशीनवरून लॉगिन केलं की सगळं दिसतं. पण उलटं पण खरंय, कंपनीकडेच चोरी झाली तर तुमच्या लॅपटॉपवर कितीही कडक पासवर्ड असला तरी उपयोग नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स ह्या भारतीय एक्स्चेंजवर २३ कोटी डॉलरच्या आसपासचे कॉइन चोरीला गेले, आणि ज्यांचा काही दोष नव्हता त्या लोकांचे पैसे वर्षभराहून जास्त काळ अडकून पडले. बँकेत ५ लाखापर्यंतच्या ठेवीला विमा असतो, इथं तसला विमा नाही, शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सेबी पण नाही. हे माहीत असू द्या आणि त्या हिशोबानेच रक्कम ठेवा.

दुसरा प्रकार असतो वॉलेट ॲपचा, उदाहरणार्थ इलेक्ट्रम, हे २०११ पासून आहे आणि फक्त बिटकॉइनसाठी आहे. ह्यात कॉइन हलवायची डिजिटल चावी तुमच्याच कॉम्प्युटरवर बनते आणि ते तुम्हाला १२ इंग्रजी शब्द देतं, तेच शब्द म्हणजे तुमचे पैसे. कंपनीच्या वहीचा प्रश्नच नाही, पण शब्द हरवले तर कस्टमर केअर पण नाही. हा फरक एवढ्यासाठी सांगतोय की लोक दोन्ही गोष्टींची गल्लत करतात आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. एक्स्चेंजचं ट्रेडिंग ॲप लॉगिनला ईमेल, पासवर्ड आणि कोड मागतं, १२ किंवा २४ शब्द कधीच मागत नाही. मागितले तर तिथल्या तिथे बंद करा, तुम्ही खोट्या ॲपमध्ये आहात.

मग ब्राउझर असताना ॲप कशाला टाकायचं? बरीचशी डेस्कटॉप ॲप आतून वेबसाइटच असतात, एका वेगळ्या चौकटीत बसवलेल्या. तरी दोन फायदे आहेत. एक तर ब्राउझरमध्ये तुम्ही जी पाच-पंचवीस एक्स्टेन्शन टाकून ठेवलेली असतात, कूपनवालं, व्हिडिओ डाउनलोडवालं, त्यातली बरीच पानावरचं सगळं वाचू शकतात, वेगळ्या ॲपमध्ये त्यांना शिरता येत नाही. आणि दुसरं म्हणजे एकदा खरं ॲप बसलं की रोज पत्ता टाइप करायचा नाही, म्हणजे रोज चुकीच्या साइटवर जायची शक्यता नाही. तोटा असा की खोटं ॲप बसलं तर ते ब्राउझरमधल्या खोट्या पानापेक्षा कितीतरी पट वाईट, कारण त्याला तुमच्या फाइली, तुमचा कीबोर्ड, सगळंच मोकळं. सगळा खेळ त्या एका इन्स्टॉलवर आहे.

आता डाउनलोड. गूगलला नाव टाकून पहिल्या लिंकवर क्लिक करायची सवय इथं चालणार नाही, कारण वरच्या एक-दोन लिंक जाहिराती असतात आणि जाहिरात कुणीही पैसे देऊन लावू शकतो. पत्ता स्वतः हाताने टाइप करा, अक्षर न् अक्षर बघून. तुमच्या मोबाइलवर त्याच कंपनीचं खरं ॲप आधीपासून असेल तर त्याच्या हेल्प किंवा अबाउटमध्ये वेबसाइटचा पत्ता सापडतो, तो बघून टाइप करा. टेलिग्रामवरची लिंक नको, यूट्यूब व्हिडिओच्या खालची नको, मित्राने पेनड्राइव्हमध्ये दिलेली फाइल तर नकोच, मित्र चांगला असला तरी त्याने ती कुठून आणली ते त्यालाही आठवत नसतं.

कुणी म्हणेल मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलं की झालं ना. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच स्टोअरमध्ये लेजर ह्या क्रिप्टो वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचं खोटं ॲप घुसलं होतं, ते काढून टाकेपर्यंत लोकांचे साडेसोळा बिटकॉइनच्या वर गेले. म्हणून स्टोअरमध्ये असलं तरी कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून त्या स्टोअरच्या पानावर जायचं, स्टोअरमध्ये नाव शोधून नाही.

आणि एक प्रकरण तर प्रत्येकाला माहीत पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅस्परस्की ह्या अँटिव्हायरस कंपनीने उघडकीला आणलं, नाव दिलं ॲपलजूस. एका क्रिप्टो एक्स्चेंजच्या कर्मचाऱ्याला ईमेलने एक ट्रेडिंग ॲप सुचवलं गेलं, सेलास ट्रेड प्रो नावाचं, विंडोज आणि मॅक दोन्हीसाठी. चांगली वेबसाइट, ॲप पण खरोखर चालणारं, भाव दाखवणारं, वर वैध डिजिटल सही सुद्धा. गोम होती त्याच्या अपडेट करणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये. तो आधी मशीनची माहिती गपचूप बाहेर पाठवायचा आणि समोरच्याला मशीन कामाचं वाटलं की अपडेटच्या नावाखाली हेरगिरीचा प्रोग्राम आत आणायचा. ह्यामागे लाझरस म्हणजे उत्तर कोरियाचा हॅकर गट होता, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने ह्याच पद्धतीच्या अजून बऱ्याच ॲपबद्दल जाहीर इशारा दिला. म्हणजे एक्स्चेंजमध्ये नोकरी करणारा, ह्याच धंद्यातला माणूस फसला. ॲप नीट चालतंय म्हणजे ॲप खरंच आहे असं होत नाही, काकांचं पण नीटच चालत होतं.

मग तपासायचं कसं? दोन गोष्टी करा, दोन्ही मिळून दोन मिनिटांचं काम आहे.

पहिली, डिजिटल सही. उतरवलेल्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं डिजिटल सिग्नेचर्स असा टॅब दिसतो. त्यात सही करणाऱ्या कंपनीचं नाव असतं. टॅबच नसेल तर फाइल चालवू नका. टॅब आहे पण नाव भलतंच आहे तरी चालवू नका. वर सांगितलं तसं नुसती सही असणं पुरेसं नाही, सही तुम्हाला पाहिजे त्याच कंपनीची आहे का हे महत्त्वाचं, जसं चेकवर सही आहे एवढ्यावर बँक पैसे देत नाही, खातेदाराचीच आहे का ते बघते.

दुसरी, हॅश. ही गोष्ट ऐकायला अवघड आहे पण आहे सोपी. फाइलमधल्या सगळ्या माहितीचं गणित करून एक ६४ अक्षरांचा आकडा निघतो, त्याला शा-२५६ म्हणतात, आणि फाइलमध्ये एक टिंब जरी बदललं तरी तो आकडा पूर्ण वेगळा येतो. काही कंपन्या डाउनलोडच्या पानावर तो आकडा छापतात. तुमच्याकडच्या फाइलचा काढायचा असेल तर विंडोजमध्ये पॉवरशेल उघडा, गेट-फाइलहॅश अशी कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करा, एक स्पेस सोडा, फाइल माउसने ओढून त्या खिडकीत टाका आणि एंटर मारा. आलेला आकडा आणि साइटवरचा आकडा जुळला की फाइल वाटेत बदललेली नाही. अर्थात साइटच खोटी असेल तर आकडा पण खोट्याचाच असणार, म्हणून पत्ता बरोबर असणं हे सगळ्यात आधी.

कधी कधी फाइल चालवतानाच विंडोज निळा बॉक्स दाखवून थांबवतं, म्हणतं हे ॲप ओळखीचं नाही. आपल्या लोकांना सवय आहे मोर इन्फो दाबून रन एनीवे करायची, क्रॅक केलेली सॉफ्टवेअर टाकून टाकून ती सवय लागलेली आहे. पैशाच्या ॲपला तो बॉक्स आला तर थांबा आणि परत पहिल्यापासून तपासा. इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा असं कुणी सांगितलं तर तो माणूस तुमचा चोर आहे, मग तो ग्रुपमध्ये कितीही गोड बोलत असो.

क्रॅकचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. ज्या कॉम्प्युटरवर क्रॅकवालं फोटोशॉप, फुकटचं ऑफिस, पोरांनी टाकलेले गेमचे चीट आहेत त्यावर ट्रेडिंग ॲप टाकू नका. अशा क्रॅकबरोबर माहिती चोरणारे प्रोग्राम येतात, त्यांना पासवर्ड पण लागत नाही, ते ब्राउझरमधला लॉगिन झालेल्या सेशनचा तुकडाच उचलून नेतात आणि चोर तिकडे तुमच्या खात्यात आधीच लॉगिन झालेला असतो, मोबाइलवर ओटीपी पण येत नाही. घरात दोन मशीन असतील तर एक फक्त बँकेसाठी आणि ह्यासाठी ठेवा. एकच असेल तर कोरं फॉरमॅट मारून, अस्सल विंडोज टाकून सुरुवात करा. आणि विंडोज १० चं नेहमीचं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालंय, त्यामुळे जुन्यावर अडून बसू नका.

खातं उघडताना पॅन, आधार, सेल्फी हे सगळं मागतील, ते बरोबर आहे. मार्च २०२३ पासून क्रिप्टो कंपन्या मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आल्यात आणि भारतात धंदा करायचा तर त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट म्हणजे एफआययूकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नाही म्हणून २८ डिसेंबर २०२३ ला एफआययूने नऊ परदेशी कंपन्यांना नोटिसा दिल्या, त्यात बायनान्स पण होती, मग जानेवारीत त्यांची ॲप स्टोअरमधून गेली, साइट ब्लॉक झाल्या. पुढे बायनान्सने नोंदणी केली, जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाखाचा दंड लागला आणि ती परत आली. ह्या मधल्या काळात माझ्याकडे किती लोक आले विचारू नका, दादा ॲप दिसत नाहीये कुठून तरी फाइल मिळवून द्या, आणि हाच तो काळ असतो ज्यात कुठली पण फाइल खपते. स्टोअरमधून ॲप गायब झालं तर आधी का झालं ते शोधा. ज्या कंपनीची एफआययूकडे नोंदणी नाही आणि केवायसी पण मागत नाही, तिथं सोपं वाटतंय म्हणून जाऊ नका.

कायदेशीर आहे का हा प्रश्न हमखास येतो म्हणून थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करायला मनाई केली होती, सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला ती मनाई रद्द केली. बंदी नाही, पण चलन म्हणून मान्यता पण नाही, टॅक्स मात्र आहे. टॅक्सवर खाली येतोच.

लॉगिन झालं की ट्रेडच्या आधी सेटिंगमध्ये जा. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा कोड, चालू करा, आणि तो एसएमएसवाला नाही तर ऑथेंटिकेटर ॲपवाला, ज्यात दर ३० सेकंदाला कोड बदलतो. कारण तुमच्या नावाचं डुप्लिकेट सिम काढून एसएमएस पळवता येतो. ऑथेंटिकेटर चालू करताना एक लांबलचक बॅकअप की दाखवतात, ती कागदावर लिहा, फोटो काढून गॅलरीत ठेवू नका. कोड बरोबर टाकून पण चुकीचा येतोय अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा फोनचं घड्याळ मागेपुढे झालेलं असतं, ते ऑटोमॅटिकवर टाका, दुरुस्त होतं. मग विथड्रॉलची व्हाइटलिस्ट चालू करा, म्हणजे तुम्ही आधी नोंदवलेल्या वॉलेटच्या पत्त्यांवरच कॉइन जातील. मग अँटी-फिशिंग कोड असतो, त्यात तुमचा एखादा शब्द टाका, कंपनीच्या प्रत्येक खऱ्या ईमेलमध्ये तो शब्द येतो, ज्यात नाही तो ईमेल खोटा. ह्या तीन गोष्टींना दहा मिनिटं लागतात.

आता ती खिडकी उघडली की पहिल्यांदा बघणारा घाबरतो, सगळीकडे लाल-हिरवे आकडे पळत असतात. उजवीकडे किंवा मध्ये जी दोन रंगांची उभी यादी असते तिला ऑर्डर बुक म्हणतात, आणि ती कळली की अर्धं काम झालं.

लासलगावचा कांद्याचा लिलाव बघितलाय? ट्रॅक्टर उभा असतो, व्यापारी बोली लावतात, कुणी अठराशे, कुणी अठराशे दहा. शेतकरी मनात म्हणतो एकोणीसशेच्या खाली द्यायचा नाही. ऑर्डर बुकमध्ये हेच सगळं लिहून ठेवलेलं असतं. हिरव्या बाजूला विकत घेणारे, मी एवढ्याला एवढं घेतो, सगळ्यात जास्त बोली सगळ्यात वर. लाल बाजूला विकणारे, मी एवढ्याला एवढं देतो, सगळ्यात स्वस्त देणारा सगळ्यात खाली, म्हणजे हिरव्याला चिकटून. दोघांच्या मधलं जे अंतर राहतं, बोली अठराशे दहाची आणि मागणी अठराशे तीसची, ते वीस रुपये म्हणजे स्प्रेड. बिटकॉइनसारख्या मोठ्या कॉइनमध्ये हे अंतर नगण्य असतं, खूप व्यापारी आहेत. पण कालपरवा आलेल्या कुठल्या तरी कॉइनमध्ये यार्डात दोनच व्यापारी असल्यासारखं होतं, अंतर एवढं मोठं की घेतल्या घेतल्या तुम्ही पाच टक्के खाली असता.

तर मार्केट ऑर्डर म्हणजे तुम्ही म्हणता, भाव काय असेल तो असू दे, मला आत्ता पाहिजे. मग ॲप लाल बाजूचा सगळ्यात स्वस्त विकणारा घेतं, त्याच्याकडे पुरेसा माल नसेल तर त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा, आणि तुम्हाला सरासरी भाव स्क्रीनवर दिसत होता त्यापेक्षा महाग पडतो, ह्याला स्लिपेज म्हणतात. लिमिट ऑर्डर म्हणजे तुम्ही भाव सांगून थांबता, एवढ्यालाच घेईन नाहीतर राहू दे. नव्या माणसाने लिमिटच वापरावी असं माझं ठाम मत आहे, एक-दोन संधी हुकतील, हुकू द्या. तिसरी स्टॉप-लिमिट, भाव अमुकच्या खाली गेला की माझी विकायची ऑर्डर लाव. ही उपयोगी आहे पण भाव झपकन कोसळला तर तुमचा लिमिट भाव ओलांडून खाली निघून जातो आणि ऑर्डर तशीच लटकत राहते, म्हणून स्टॉप लावलाय म्हणजे झोपायला मोकळा असं समजू नका. हा बाजार रात्री, रविवारी, दिवाळीत, कधीच बंद होत नाही आणि शेअर बाजारासारखं सर्किट लागून पण थांबत नाही. दिवसाची मेणबत्ती म्हणजे कँडल, एका दिवसाचा भाव दाखवणारी दांडी, ती सुद्धा बहुतेक चार्टवर आपल्या पहाटे साडेपाचला बदलते, कारण ते घड्याळ ग्रीनिचचं असतं. साडेपाचला अचानक सगळं शून्यावरून सुरू झालेलं दिसलं तर ॲप बिघडलेलं नाही.

एक बिटकॉइन म्हणजे लाखो रुपये मग आपण कसं घेणार असं बरेच जण विचारतात. अख्खा घ्यायचा नसतो. बिटकॉइनचे १० कोटी तुकडे होतात, एका तुकड्याला सातोशी म्हणतात, पाचशे रुपयाचं पण घेता येतं. पहिले काही आठवडे तेवढंच घ्या.

आणि ॲपमध्ये स्पॉटच्या, म्हणजे साध्या खरेदी-विक्रीच्या, शेजारीच फ्युचर्सचा टॅब असतो, तिथं दहापट, वीसपट असे आकडे दिसतात. दहापट म्हणजे तुमच्या दहा हजारावर एक लाखाचा सौदा. भाव दहा टक्के तुमच्या विरुद्ध गेला की दहा हजार संपले, सौदा आपोआप बंद, आणि क्रिप्टोत दहा टक्के हलणं ही काही वर्षातून एकदा घडणारी गोष्ट नाही. माझ्या आत्याच्या मुलाने शेततळ्याच्या कागदासाठी ठेवलेले पैसे एका रात्रीत ह्याच टॅबमध्ये घालवले, ॲप खरं होतं, कुणी फसवलं नाही, तरी गेले. त्या टॅबला हात लावू नका, मी हे मनापासून सांगतोय.

पैसे भरायचा मार्ग पण बघून निवडा. भारतीय एक्स्चेंजवर बँकेतून रुपये भरता येतात. बायनान्ससारख्या ठिकाणी बरेच लोक पी-टू-पी वापरतात, म्हणजे समोरच्या अनोळखी माणसाला तुम्ही यूपीआय करता आणि तो कॉइन सोडतो, किंवा विकताना तो तुम्हाला पैसे पाठवतो. धोका विकताना आहे. त्याने पाठवलेले पैसे कुणाला तरी फसवून मिळवलेले असतील आणि त्या फसलेल्या माणसाने तक्रार केली, तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमचं खातं गोठवते, कधी कधी दुसऱ्या राज्यातल्या पोलिस स्टेशनचे फोन सुरू होतात. पगाराचं किंवा पीककर्जाचं खातं पी-टू-पीला कधीच जोडू नका, आणि ॲपवरचं नाव आणि पैसे आलेल्या खात्यावरचं नाव वेगळं असेल तर सौदा रद्द करा.

कॉइन एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवताना नेटवर्क विचारतं, तिथं लोक अंदाजाने क्लिक करतात. टेथर म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेला कॉइन ट्रॉनवर पण चालतो, इथेरियमवर पण. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी ने सुरू होतो, इथेरियमचा शून्य-एक्सने. समोरचा ज्या नेटवर्कवर घेणार आहे तेच निवडायचं, नाहीतर पैसे अशा ठिकाणी जातात जिथून काढायला समोरच्या कंपनीची मदत लागते आणि ती मिळेलच असं नाही. दुसरं, कॉपी-पेस्ट. क्लिपर नावाचा एक प्रकारचा व्हायरस असतो जो तुम्ही पत्ता कॉपी केला की मधल्या मध्ये चोराचा पत्ता पेस्ट करतो. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळवली की पुरेसं असं लोक म्हणतात, पण चोर आता सुरुवात आणि शेवट सारखे दिसणारे पत्ते पण बनवतात, त्यामुळे मधली सहा-सात अक्षरं पण बघा. आधी थोडी रक्कम पाठवा, पोचली की मग बाकीची. पाठवलेला व्यवहार मागे घ्यायचं बटण ह्या दुनियेत नाही.

अपडेट पण फक्त ॲपच्या आतून किंवा हाताने टाइप केलेल्या साइटवरून. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम वापरणाऱ्यांना पैसे पाठवताना ॲपमध्येच मेसेज यायला लागला की अपडेट करा, खाली लिंक. मेसेज चोरांनी चालवलेल्या सर्व्हरवरून येत होता आणि त्या लिंकवरून उतरवलेलं वॉलेट खोटं होतं, लोकांचे दोनशेच्या वर बिटकॉइन गेले. खऱ्या ॲपमध्ये आलेला मेसेज म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. लिंक कुठं पण दिसो, त्यावर क्लिक न करता साइटवर स्वतः जाऊन बघायचं.

टॅक्सचं ऐका. नफ्यावर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के, तुमचं बाकी उत्पन्न कितीही कमी असलं तरी. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे बिटकॉइनमध्ये ४० हजार कमावले आणि दुसऱ्या कशात ४० हजार घालवले, हातात शून्य, तरी १२,४८० रुपये टॅक्स. वर विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो, नफ्यावर नाही तर विक्रीच्या पूर्ण रकमेवर. ५० हजार घेऊन दिवसभरात दहा वेळा घेणं-विकणं केलं आणि भाव हललाच नाही असं धरलं तरी पावणेपाच हजाराच्या आसपास टीडीएसमध्ये अडकतात, रिटर्न भरल्यावर त्याचा हिशोब होतो पण तोवर ते तुमच्या हातात नसतात. कॉइन देऊन दुसरा कॉइन घेतला तर ती पण विक्रीच. एवढं गणित केलं की रोजचं ट्रेडिंग आपल्याकडे का परवडत नाही ते कळतं. डेस्कटॉप ॲपचा इथं खरा उपयोग होतो, व्यवहारांची पूर्ण यादी एक्सेलमध्ये उघडेल अशी उतरवता येते, दर तीन महिन्यांनी उतरवून ठेवा, कंपनी बंद पडली किंवा ब्लॉक झाली तर ती यादी नंतर मिळत नाही. परदेशी एक्स्चेंजवर टीडीएस आपोआप कापला जाईलच असं नाही, तिथं सीएला आधी विचारा.

पहिल्याच आठवड्यात एक काम करा, घेतलेलं थोडं विका आणि रुपये परत बँकेत आणून बघा. सगळा रस्ता एकदा चालून होतो, किती दिवस लागतात, किती कापलं जातं ते कळतं. पण ही परीक्षा पास झाली म्हणजे ॲप शंभर टक्के खरं असं मात्र धरू नका, खोटी ॲपवाले सुरुवातीला दोन-चार हजार मुद्दाम काढू देतात, काकांना पण पहिले तीन हजार मिळाले होते. पैसे काढण्यासाठी आधी पैसे भरा असं कुठंही म्हटलं, टॅक्स म्हणून, सिक्युरिटी म्हणून, खातं अनलॉक करायला म्हणून, तर तिथून पुढे एक रुपया पण टाकू नका. खरा टॅक्स सरकारकडे भरायचा असतो, ॲपवाल्या मॅडमच्या यूपीआयवर नाही.

आणि काही गडबड झालीच तर पहिलं वायफाय बंद करा किंवा केबल काढा, मशीन फॉरमॅट मारू नका, पुरावा जातो. दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा आणि मग एक्स्चेंजचा पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, विथड्रॉल थांबवायचं बटण असेल तर दाबा. मग लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जेवढा लवकर तेवढं चांगलं, कारण बँकेतून गेलेले रुपये पुढच्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. व्यवहाराचा यूटीआर नंबर, ज्या पत्त्यावर कॉइन गेले तो पत्ता, चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगा. काकांनी काकूंना दोन महिन्यांनी सांगितलं, तोवर १९३० वाल्यांच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.